बसल्या जागी विम्बल्डन

मुंबईच्या घरात ज्या वस्तूला जागा उरत नाही आणि जी भंगारात द्यायला मन धजत नाही, ती वस्तू गावी पाठवायची असते. हा अलिखित कायदा पेणपासून पार सावंतवाडीपर्यंत कडकपणे पाळला जातो. गागोदे बुद्रुकच्या आमच्या घरात या कायद्याने आलेला माल ठासून भरला आहे. दाराला दोरी बांधलेला फ्रीज, एका अंगाला कललेला सोफा, लग्नात आहेर म्हणून आलेली आणि प्रत्येकी वेगळ्या वेळेला बंद पडलेली भिंतीवरची घड्याळं. पुढे घरातली मुलं नोकऱ्यांना लागली आणि त्यांचे व्हिडिओ गेमही गावी येऊ लागले.

त्यामुळे झालं असं, की जगाच्या बाजारात एकमेकींच्या उरावर बसलेल्या तीन कंपन्या आमच्या माळ्यावर एकाच गोणपाटाखाली नांदू लागल्या. निंटेंडोचा वी, सोनीचा प्लेस्टेशन ३ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६०. प्लेस्टेशन पुण्याच्या आतेभावाचा, एक्सबॉक्स ठाण्याच्या धाकट्या काकांच्या मुलाचा आणि वी न्यू जर्सीच्या चुलतभावाचा. पेणहून गणपती बोटीने अमेरिकेला जातात, तिकडून हे येतं. वी अमेरिकेतला, म्हणून त्याला १२० व्होल्ट लागतात. मग त्याच्या दिमतीला एक ट्रान्सफॉर्मर आला, तो वीपेक्षा जड आहे आणि चालू असताना अखंड गुणगुणतो.

भाद्रपदात भात पोटरीवर आलेलं असतं, शेतात फार काम नसतं, बाहेर पाऊस असतो आणि घरात गणपती असल्यामुळे सगळं खानदान असतं. त्या दिवसांत माळ्यावरून ही तिन्ही यंत्रं खाली उतरतात, जुन्या डबा टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी वायर जोडली जाते आणि भांडण सुरू होतं. भांडण कुणी आधी खेळायचं यावरून होत नाही. हालचालीवर खेळायचं कुणाचं यंत्र खरं भारी, यावर होतं. तीन भावांच्या वाटणीत न झालेली बाचाबाची या मुद्द्यावर होते, कारण वाटणीच्या वेळी मंडळी समंजस होती.

बाहेरच्या माणसाला गागोदे म्हटलं की आधी विनोबा आठवतात, आणि ते योग्यच आहे. ११ सप्टेंबर १८९५ ला त्यांचा जन्म याच गावचा. तारीख अशी की कित्येक वर्षी त्यांची जयंती गणपतीच्या आगेमागेच येते. हालचाल करून समोरचं काहीतरी हलवायचं, या विषयात या गावाच्या माणसाने फार वरचा नंबर लावून ठेवला आहे. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत १०० एकरांचं पहिलं भूदान मिळालं आणि मग विनोबा तेरा वर्षं देशभर चालत राहिले. त्यांच्या पायांच्या हालचालीने चाळीस लाखांहून जास्त एकर जमिनीवर दानाचे शब्द पडले. आमच्या हालचालीने पडद्यावरचा चेंडू जाळ्यापलीकडे जातो, आणि त्यावरही आम्ही दुसऱ्या दिवशी खांद्याला बाम लावून घेतो.

तर या तीन यंत्रांचा निवाडा. त्याआधी एक जुना पुरावा नोंदवतो. ज्यांनी लहानपणी टीव्ही गेम खेळला, कॅसेटच्या तळाशी फुंकर मारली, त्यांना बदकं मारायची बंदूक आठवत असेल. निंटेंडोचा मूळ 'डक हंट' १९८४ चा. आपल्याकडे आली ती त्याची नक्कल, पण बदकं तीच. दूर उभं राहायचं, नेम धरायचा, चाप ओढायचा, अशी बनवणाऱ्याची अपेक्षा. आपल्या घराघरांतल्या पोरांनी काय केलं? बंदुकीची नळी थेट टीव्हीच्या काचेला टेकवली. बदक समोर आलं की ठो. नेम चुकला की पडद्यावर हसणारा कुत्रा हसायचा बंद झाला. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, तरी पेणच्या पोराला आणि पॅरिसच्या पोराला ते एकाच आठवड्यात सुचलं असणार. हलून खेळायच्या यंत्रांचा पुढचा सगळा इतिहास त्या टेकवलेल्या नळीत आहे. यंत्र विचारतं, किती हलशील? माणूस विचारतो, कितीवर भागेल?

निंटेंडोने हा प्रश्न ऐकला होता, असं माझं मत आहे. वी २००६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आला, सोबत टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच खेळ फुकट. हातात पांढरा रिमोट, तो फिरवला की पडद्यावरची रॅकेट फिरते. पहिल्या दिवशी प्रत्येक जण खऱ्या रॅकेटीसारखा हात फिरवतो. तेव्हा जगभरात रिमोट हातातून सुटून टीव्हीवर, पंख्यावर आणि नातेवाइकांवर आदळू लागले. डिसेंबरातच कंपनीने मनगटाला बांधायचे ३२ लाख पट्टे बदलून द्यायची तयारी दाखवली आणि पुढच्या वर्षी रिमोटला घालायला रबरी अंगरखेही वाटले. आमच्या घरी टीव्हीला काही झालं नाही. डब्याची काच जुन्या जमान्यातली, ती फुटायला निदान नारळ लागतो.

दुसऱ्या दिवशी मात्र आतेभावाच्या लक्षात आलं, की टेनिसमध्ये पळण्याचं काम पडद्यावरचा माणूस आपणहून करतो. आपण फक्त मनगट झटकायचं. तेही जोरात नाही, अंगावर बसलेली माशी हाकलण्याइतपत. रोह्याचे आमचे भावजी धाटावच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहेत, त्यांनी याचा खुलासा केला. जावई असल्यामुळे त्यांचा खुलासा उभ्यानेच ऐकावा लागतो. म्हणाले, "आत सिलिकॉनचा एक कणभर तुकडा स्प्रिंगवर टांगलेला असतो. तुम्ही हात झटकलात की तो मागे राहतो, तेवढं मोजलं जातं. वेग वाढला की कमी झाला, एवढंच त्याला कळतं. हात किती लांबून आला, कुठून आला, कमरेतून आला की नुसत्या मनगटातून, हे त्याला कसं कळणार?" बरोबर आहे. त्याला कळत नव्हतं, हेच त्याचं मोठेपण. मोठे काका सोफ्याच्या कललेल्या बाजूला टेकून, डाव्या हातात चहाची बशी धरून, उजव्या मनगटावर अख्खी स्पर्धा जिंकले. आयुष्यात त्यांनी टेनिसचं मैदान पाहिलेलं नाही. जगात दहा कोटींहून जास्त वी खपले, त्यातले निम्मे तरी अशा काकांमुळे खपले असतील.

पुढे २००९ मध्ये निंटेंडोने रिमोटच्या बुडाला लावायचा एक जादा तुकडा काढला. त्यात फिरकी मोजणारा गायरो होता. मनगट नेमकं किती वळलं हे आता कळू लागलं. काकांनी तो तुकडा एकदा लावला, हरले, काढून ठेवला आणि "हे डुप्लिकेट दिसतंय" म्हणाले.

वीची दुसरी गंमत गणपतीतच कळते. टीव्हीवर ठेवायची जी पट्टी मिळते तिला सेन्सर बार म्हणतात, पण सेन्सर त्यात नाहीच. तिच्या दोन टोकांना डोळ्याला न दिसणारे दिवे आहेत, बस. बघणारा डोळा रिमोटच्या तोंडाशी असतो. तो दोन दिवे शोधतो आणि त्यांवरून पडद्यावरचा बाण कुठे न्यायचा ते ठरवतो. आता आमच्याकडे टीव्हीच्या शेजारीच मखर. मखराच्या दोन्ही बाजूंना समया. तापलेल्या ज्योतीतही तोच न दिसणारा प्रकाश असतो. रिमोटला समोर चार दिवे दिसू लागले आणि पडद्यावरचा बाण सरकत सरकत बाप्पाच्या दिशेला जाऊन थांबला. यंत्राची यात काही चूक नाही, त्याला दोन दिवे पाहायला सांगितले होते, त्याने जास्त तेजाचे पाहिले. आजी म्हणाली, "त्याला कळतं कुठं बघायचं ते. तुम्हाला कळंना."

भावजींनी यातून पुढचा प्रयोग केला. पट्टी काढून टाकली आणि टीव्हीवर दोन निरांजनं ठेवली. खेळ झकास चालला. जपानी यंत्र साजूक तुपावर चालवल्याचा आनंद भावजींच्या चेहऱ्यावर विसर्जनापर्यंत टिकून होता.

सोनीची तऱ्हा वेगळी. तिला शेजारणीने केलेलं सगळं करायचं असतं आणि आपलंच आधी ठरलं होतं असंही म्हणायचं असतं. वी आणि प्लेस्टेशन ३ एकाच महिन्यात बाजारात आले. प्लेस्टेशनच्या रिमोटला कलता-वळता येईल अशी सोय घातली, पण पूर्वीचा थरथरण्याचा गुण काढून टाकला. कारण सांगितलं, की थरथरीने मोजमाप बिघडतं. थरथरीच्या पेटंटवरून एका कंपनीशी त्यांचा खटलाही चालू होता, तो भाग वेगळा. खटला मिटला आणि वर्षभरात नवा रिमोट आला, त्यात थरथर आणि मोजमाप दोन्ही सुखाने नांदत होती. पण रिमोट कलवून ड्रॅगन उडवायचा तो 'लेअर' नावाचा खेळ लोकांना झेपला नाही. ड्रॅगन वळायचा तिकडे वळेना, माणसं मात्र खुर्चीतून वळायला लागली. शेवटी साध्या दांडीने ड्रॅगन हाकायची सोय त्यांना मागाहून द्यावी लागली.

मग २०१० च्या सप्टेंबरात सोनीने मूव्ह काढला. काळी मूठ आणि टोकाला उजळणारा गोळा. टीव्हीवर एक कॅमेरा. गोळा मोठा दिसला की हात जवळ आलाय, लहान दिसला की लांब गेलाय, असा हिशेब. अचूकपणात तिघांत हाच सरस, हे मी एक्सबॉक्सवाल्या भावाच्या समोरही सांगायला तयार आहे. गोळ्याची आणखी एक हुशारी अशी, की खोलीत जो रंग नाही तो रंग तो स्वतःला घेतो, म्हणजे कॅमेऱ्याला ओळखायला सोपं जातं. ही कल्पना ज्याला सुचली तो गणपतीत कोकणात आलेला नसावा. आमच्या मखरामागे थर्माकोलबंदीनंतरचे कागदी मोर, वर झिरमिळ्या, भोवती रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या माळा आणि पुढ्यात पैठणी नेसलेल्या काक्या. त्या खोलीत वापरायचा राहिलेला रंग नव्हता. गोळा बिचारा निळा झाला, गुलाबी झाला, हिरवा झाला. मग आम्ही माळा बंद केल्या तेव्हा कुठे त्याला स्वतःचा रंग सापडला.

मूव्हमुळे आमच्याकडे क्रिकेटही आलं. मुंबईच्या ट्राइन गेम्स या कंपनीने 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' नावाचा गल्ली क्रिकेटचा खेळ बनवला. बाहेर शेतात पाणी असताना घरात बॅटिंग मिळते म्हटल्यावर गर्दी झाली. इथेही पहिल्या षटकात सगळे सरळ बॅटने खेळले. दुसऱ्या षटकापासून दिसलं, की प्लेस्टेशनवाल्याला जिंकण्यापेक्षा दिसण्याची हौस जास्त. फटका लागो न लागो, तो बॅट वर धरून शेवटपर्यंत त्याच पवित्र्यात थांबतो. कॅमेरा समोर आहे ना. भजनी मंडळाचे बुवा आरतीला आले, तेव्हा त्यांना हा गोळा बघून माइक वाटला. त्यांनी तो उचलला, बोटाने टकटक केली आणि आवाज येत नाही असं पाहून "मशीन बंद आहे तुमचं" असा अभिप्राय देऊन ठेवला. तो प्लेस्टेशनवाल्याला अजून लागून राहिलाय.

आता मायक्रोसॉफ्ट. ४ नोव्हेंबर २०१० ला त्यांनी अमेरिकेत किनेक्ट विकायला काढला आणि पहिल्या साठ दिवसांत ८० लाख नग गेले. गिनीज बुकात नोंद झाली. हातात काही धरायचंच नाही, अशी त्यांची घोषणा. तुमचं अंग हाच रिमोट. यंत्र समोर अदृश्य ठिपक्यांची जाळी फेकतं, त्यावरून अंतर मोजतं, त्यातून माणूस वेगळा काढतं आणि त्याचे वीस सांधे ओळखतं. वीस! आमच्या आजीचे त्यातले चार दुखतात, बाकीच्यांची तिला माहितीच नव्हती.

किनेक्ट लावला की तो लग्नातल्या फोटोग्राफरसारखा वागू लागतो. जरा मागे व्हा. अजून मागे. तुम्ही बाजूला सरा. एकट्याला निदान सहा फूट, दोघांना आठ. आमचं माजघर लांबीला बरं आहे, पण आठ फुटांवर बरोबर खांब येतो. मग एक जण खांबाच्या अलीकडे, एक पलीकडे. समोर माणसं सहापर्यंत दिसली तरी खेळायला दोनच घेणार. गणपतीच्या घरात सहा माणसं म्हणजे घर रिकामं. मधूनच कुणी मोदकांचं ताट घेऊन गेलं की यंत्र त्यांनाच खेळाडू समजायचं, कारण ताट घेऊन जाणारी बाई आमच्यापेक्षा चपळ हलत होती. सैल कपड्यांत त्याला पाय सापडत नाहीत, म्हणून गाउनवाल्या काकी बाद झाल्या आणि काष्टा मारलेली आजी पहिल्या फटक्यात ओळखली गेली. आरतीच्या वेळी आणखी मजा. हात हलवून दाखवला की किनेक्ट आपल्याला बोलावलं असं समजतो. काकांनी ओवाळायला ताम्हण वर केलं आणि मागे टीव्हीवर यंत्राने नम्रपणे आपली यादी उघडली.

पण खरा पेच निराळा होता. बसलेला माणूस किनेक्टला माणूस वाटत नव्हता. उभं राहायचं, पूर्ण दिसायचं, गुडघे उचलायचे, उडी मारायची असेल तर खरोखर मारायची. होडीचा खेळ होता, त्यात होडी डावीकडे न्यायची तर स्वतःला डावीकडे नेणं भाग. इथे मनगट झटकून भागत नव्हतं, नळी काचेला टेकवता येत नव्हती. मोठे काका सोफ्यावरून बराच वेळ हात हलवत राहिले. पडद्यावर कुणी नव्हतं. शेवटी ते उठले, दोन उड्या मारल्या, बसले आणि म्हणाले, "यात काही राम नाही."

पुढे तसंच झालं. २०१३ च्या एक्सबॉक्स वनबरोबर किनेक्ट सक्तीने दिला, किंमत ४९९ डॉलर. सोनीचं यंत्र कॅमेरा वगळून ३९९ ला. लोकांनी शंभर डॉलर वाचवले आणि उड्याही. २०१४ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने सक्ती उठवली, २०१७ मध्ये किनेक्ट बनवणंच बंद केलं. त्याचं कौतुक झालं ते रोबॉट बनवणाऱ्यांकडून आणि संशोधकांकडून, म्हणजे ज्यांना स्वतः उडी मारायची नव्हती त्यांच्याकडून.

त्याच २०१७ च्या ३ मार्चला निंटेंडोने स्विच आणला. तो आमच्याकडे पुतणीबरोबर येतो आणि तिच्याबरोबरच जातो, अजून माळ्याच्या वयाचा झालेला नाही. '१-२-स्विच' या त्याच्या खेळांत एक चक्क गाईची धार काढण्याचा आहे. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, पडद्याकडे न बघता एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं आणि हातातला रिमोट वरून खाली ओढत बटणं दाबायची. पुतणीने आत्याला उभं केलं. आत्याच्या दारात आजही म्हैस आहे.

"आधी पारडू लाव," आत्या म्हणाली.

"पारडू नाहीये यात, आजी."

"मग पान्हा कसा फुटंल? आन् तू माझ्या डोळ्यांत काय बघतेस? म्हशीच्या सडाकडं बघ."

खेळ सुरू झाला. आत्याने खऱ्या हिशेबाने, चारी बोटं एकामागून एक आवळत, सावकाश धार काढली. पुतणीने नुसती भराभर बटणं दाबली. शेवटी पुतणीचे ग्लास जास्त भरले. आत्याने रिमोट परत दिला आणि म्हणाली, "दूध तुझं जास्त निघालं, बाय. चहा मात्र माझ्या दुधाचा पी." आणि स्वयंपाकघरात गेली.

आता निकाल. निंटेंडोने ओळखलं, की माणूस आळशी आहे. त्याला थोडंसं हलवा आणि खूप खेळल्यासारखं वाटू द्या. सोनीने ओळखलं, की माणूस हौशी आहे. त्याच्या हातात काहीतरी उजळणारं द्या, तो बाकीचं विसरतो. दोघी टिकल्या. दोघींच्या आजच्या रिमोटांतही तो गायरो आहे, आणि पोरं त्याचा वापर नेम धरताना बोटभर कलवण्यापुरता करतात. हलायची सोय पूर्वीइतकीच आहे, हलणं तेवढं बोटावर येऊन थांबलंय. तिघांत मायक्रोसॉफ्ट एकटं असं होतं, की माणूस उठेल, मागे सरेल, संपूर्ण उभा राहील आणि मनापासून उडी मारेल यावर ज्याने एवढा पैसा लावला. अशी श्रद्धा ठेवणारी माणसं या गावाला नवी नाहीत, पण त्यातली जी यशस्वी झाली ती स्वतः चालत होती. मायक्रोसॉफ्टने चालायला आम्हाला सांगितलं. आता त्यांनीही धडा घेतलाय. एक्सबॉक्सबरोबर आज जो रिमोट मिळतो, त्यात हालचाल मोजणारं काही म्हणजे काही नाही. निवांत बसा म्हणतात.